लिंडसेच्या सीटवर

ड्रू पार्टिंग्टन हसला की त्याचे वरचे सगळे दात दिसायचे. आमच्या हॅलिगन्स वेल गावाच्या आसपास त्याने जेवढ्या गाड्या विकल्या, त्यातल्या बहुतेक माझ्या पबमध्ये बसूनच विकल्या. त्यामुळे ते दात मी पुष्कळदा पाहिलेत. लिंडसे नोस्केला गाडी विकली तीसुद्धा माझ्याच पबच्या खिडकीपाशी, मटण भरलेली पेस्टी खाता खाता.

लिंडसेकडे तोवर एक जुनी युट होती. पुढे दोघांपुरती जागा, मागे उघडा हौदा. काचा हाताने फिरवायच्या, थंडीत चोक ओढायचा, आणि चालू झाली की दिवसभर बंद पडायचं नाव नाही. बॉनेट उघडलं की आत जे काय होतं ते सगळं डोळ्यांना दिसायचं. पण लिंडसेला दोन वर्षांपूर्वी छातीचा त्रास झाला होता, आणि ड्रूने नेमकं तेच धरलं.

"या डब्याला ना एअरबॅग, ना धड ब्रेक," तो म्हणाला. "लिंडसे, या वयात कोरलला तू कशात बसवतोयस? ही नवी गाडी स्वतः बघते, स्वतः ब्रेक लावते. तुला झोप लागली तर उठवते."

लिंडसेने एकच गोष्ट विचारली, आणि ती मी माझ्या कानांनी ऐकली आहे. "आमच्या धुळीत चालेल का ही?"

"चालेल म्हणजे? धुळीसाठीच बनवलीय."

लिंडसेने जुनी युट बदल्यात दिली आणि नवी घेतली. बॉनेटवर लाल फीत बांधून ड्रूने त्याचा फोटो काढला. लिंडसेला फोटो काढून घ्यायची सवय नव्हती. तो शाळेतल्या पोरासारखा हसलाय त्यात.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी त्याच्या छातीत पुन्हा कळ आली. नोस्क्यांचं मेंढ्यांचं रान गावापासून लांब. त्यांच्याकडची धावपट्टी पावसाने वाहून गेली होती, म्हणून डॉक्टरांचं विमान गावाबाहेरच्या रेसकोर्सशेजारी उतरणार असं ठरलं. त्याच्या बायकोने, कोरलने, त्याला गाडीत बसवलं आणि ती निघाली. त्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला होता. आमच्याकडची धूळ पिठासारखी असते. वारा सुटला की जमीन आणि आभाळ वेगळं ओळखू येत नाही. ती धूळ गाडीच्या नाकावरच्या डोळ्यांवर, म्हणजे कॅमेऱ्यांवर बसली, गाडीला पुढचं काही दिसेनासं झालं, आणि तिने आपल्या मनाने ठरवलं की आता हळू जायचं. माणूस पळेल त्यापेक्षाही हळू. कोरल पाय दाबून थकली. गाडी आपली गोड आवाजात सांगतेय, काळजी घ्या, वाहन सुरक्षित ठिकाणी थांबवा.

रेसकोर्सशेजारी डॉक्टर आणि मी वाट बघत उभ्या होतो. शेवटी मी माझा ट्रक काढला आणि त्यांच्या दिशेने निघाले. ती दोघं मला वाटेवरच्या रेड गेट नावाच्या फाटकाच्या अलीकडे भेटली. गाडी तशीच सरपटत होती. कोरल दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत होती, आणि लिंडसे तिच्या खांद्यावर डोकं ठेवून संपला होता.

शोरूमचं म्हणणं पडलं की गाडी वेळेवर पुसली गेली नाही. ड्रू अंत्यविधीला आला नाही, फुलं पाठवली. तेही एकवेळ चाललं असतं. पण ड्रूचं शोरूम आहे त्या बंदराच्या गावात शिरताना रस्त्याच्या कडेला मोठा बोर्ड आहे, आणि त्यावर लिंडसेचा तो लाल फितीचा फोटो लागला होता. खाली लिहिलं होतं, रानातल्या माणसाचा भरवसा. तो काढा म्हणून कोरलने शोरूमला दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा तिथली मुलगी म्हणाली की बोर्डाचं काम दुसऱ्या विभागाकडे असतं. त्यानंतर कोरलने फोन करणं सोडलं. दर महिन्याला सामान आणायला ती त्याच बोर्डाखालून जायची.

ती रडत नव्हती. मला त्याचीच भीती वाटायची. माझ्याकडे येऊन स्वयंपाकघरात बसायची, बटाटे सोलायची, आणि मध्येच म्हणायची, "बर्नी, तो झोपत असेल का गं नीट?"

"कोण?"

"ड्रू."

"छान झोपत असेल," मी म्हणायचे. खोटं कशाला बोला.

एक मात्र झालं. आमच्या भागात ड्रूची गाडी कोणी घेईना. लोक तोंडावर काही बोलत नव्हते, पण तो पबमध्ये आला की त्याच्या टेबलावर कोणी बसायचं नाही. तो आपला दात दाखवत सगळ्यांना हॅलो करायचा आणि एकटा पेस्टी खाऊन जायचा.

जूनमध्ये, म्हणजे आमच्या हिवाळ्यात, घोड्यांच्या शर्यती असतात. सगळा मुलूख त्या दिवशी रेसकोर्सवर जमतो. त्याच्या तीन-चार आठवडे आधी कोरल माझ्याकडे आली ती लिंडसेच्या जुन्या युटमधून. शेळ्या पाळणाऱ्या एका माणसाने ती शोरूमकडून घेतली होती. कोरलने त्याच्याकडून परत आणली. उतरली, दार आपटलं, आणि म्हणाली, "मी ड्रूला फोन केला होता. त्याचं नवीन मॉडेल घेणार म्हणून सांगितलं."

मला वाटलं हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

"ऐकून तर घे. तो म्हणतोय ती अडचण नव्या गाडीत राहिली नाही. मी म्हटलं, दाखव मग. शर्यतीच्या दिवशी माझ्या घरून निघू, त्याच वाटेने. तू चालव, मी शेजारी बसते. रेसकोर्सवर नीट पोचलो तर सगळ्यांसमोर गाडी घेते, तिथेच फोटो काढ."

"आणि तो हो म्हणाला?"

"लिंडसेच्या बायकोने पुन्हा त्याचीच गाडी घेतली, तर उद्यापासून सगळे घेतील. हो म्हणणार नाही तर काय? माझे आभार मानले त्याने."

"आणि गाडी खरंच नीट चालली तर?"

कोरलने थोडा विचार केला. "तर मी घेईन. बोलले आहे ना. आणि त्याचा तिरस्कार करत मरेन." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पण वारा असेल की नाही काय माहीत. म्हणून पुढे कोणीतरी युट चालवायला हवी. धूळ उडवायला."

मी ॲप्रन काढला नाही की विचार करायला वेळ मागितला नाही. हो म्हटलं. लिंडसेला त्या सीटवरून उतरवताना त्याचे पाय मी धरले होते.

शर्यतीच्या सकाळी ड्रू इस्त्रीचा शर्ट घालून नोस्क्यांकडे हजर झाला. गाडी पांढरी, चकचकीत, आतला स्क्रीन एवढा मोठा की टीव्ही बसवल्यासारखा. मी युटमध्ये बसले होते. तो माझ्या खिडकीपाशी आला.

"बर्निस, ही अजून चालते?"

"चालवल्यावर चालते."

"सांभाळून हं. वाटेत बंद पडलीस तर आम्ही उचलू तुला," म्हणाला आणि दात दाखवले.

कोरल मांडीवर हॅट घेऊन त्याच्या शेजारी बसली. तिच्या हातात आम्ही सगळे वापरतो तसला, बटण दाबून एकमेकांशी बोलायचा छोटा रेडिओ होता. आमच्याकडे फोनला रेंज नसते, म्हणून प्रत्येक गाडीत एक असतोच. मला वाटलं, काही लागलं तर बोलायला घेतलाय. मी चोक ओढला, युट धडधडली, आणि आम्ही निघालो.

पहिला पट्टा खडीचा होता. आरशात पांढरी गाडी मजेत येताना दिसत होती. मग धुळीचा पट्टा सुरू झाला. मी वेग वाढवला नाही, कमीही केला नाही; नेहमी चालवते तशी चालवली. हां, जिथे धूळ जास्त साचलेली तिथून गेले, एवढं खरं आहे. बाजूची कडक वाट सोडून गेले. मागे पिवळी भिंत उभी राहिली आणि आरशातून ती गाडी दिसेनाशी झाली.

तेवढ्यात युटमधला रेडिओ खरखरला आणि ड्रूचा आवाज आला. माझ्याशी नव्हे, कोरलशी बोलत होता.

"तिला जरा पुढे जायला सांगा ना, मिसेस नोस्के. एवढ्या धुळीत कुठलीही गाडी..."

"त्या दिवशी याच्या दुप्पट होती," कोरल म्हणाली.

मला कळायला एक क्षण लागला. कोरलने हॅटखाली रेडिओचं बटण दाबून धरलं होतं. ती मला काही सांगत नव्हती. नुसती ऐकवत होती. बटण तिकडे दाबलेलं असेपर्यंत मलाही बोलता येणार नव्हतं. मी फक्त ऐकत राहिले.

आधी टुण टुण आवाज आले. मग ती गोड बाई बोलली, समोरचं दृश्य स्पष्ट नाही, वेग मर्यादित करण्यात आला आहे.

"एक मिनिट," ड्रू म्हणाला. "हे नुसतं पुसायचं असतं."

मी थांबले, आरशात बघितलं. धूळ खाली बसली तेव्हा तो गाडीच्या नाकाशी वाकून रुमालाने पुसत होता. परत बसला, गाडी सुसाट निघाली. मीही निघाले.

"बघितलंत? एवढंच असतं," त्याचा आवाज आला.

"मीपण पुसलं होतं," कोरल म्हणाली. "लिंडसेच्या शर्टाने. त्याने स्वतः काढून दिला. त्या समोरच्या झुडपापर्यंत चालेल बघ."

झुडपाच्याही अलीकडे टुण टुण झालं.

त्याने चारदा पुसलं असेल. मग गाडी बंद करून पुन्हा चालू केली. कोरल म्हणाली, "हेही केलं. बंद केल्यावर ती चालू व्हायलाच तयार नव्हती. लिंडसे म्हणाला, राहू दे गं, थोडं बसू. बसण्यासारखी वेळ होती का ती?"

यावेळी गाडी चालू झाली, पण वेग वाढेना. ड्रू काहीतरी पुटपुटल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "ठीक आहे. मान्य. आपण बर्निसच्या गाडीत बसू. ही मी नंतर मागवून घेतो."

"नाही. चालव."

"मिसेस नोस्के, अशाने दुपार होईल."

"झाली होती. चालव."

तो चालवत राहिला. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. तो उतरून माझ्या युटकडे चालत येऊ शकला असता, मी काही त्याला हाकललं नसतं. पण कोरलचा तो आवाज मी ऐकला आहे. त्या आवाजापुढे मीही उतरले नसते. मी पहिल्या गिअरमध्ये पुढे सरकत होते. रणरणतं ऊन नव्हतं, जूनमधला थंड कोरडा दिवस होता. मागची गाडी गोगलगायीसारखी येत होती, आणि कोरल त्याला वाट दाखवत होती.

"इथे त्याने पाणी मागितलं. मी थांबले, पाजलं, अर्धं अंगावर सांडलं. त्या पडक्या टाकीपाशी म्हणाला, आपण थोडं जोरात जातोय का आता? मी हो म्हटलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्याच्याशी तेवढं एकच खोटं बोलले."

गाडी तशीच सरकत राहिली.

"पुढे ते दोन दगड दिसतात ना, तिथे त्याला श्वास घेता येईना. म्हणून मी त्याचा पट्टा काढला. असा." एक बारीक खट्ट ऐकू आलं. लगेच गाडी किणकिणायला लागली. टिंग, टिंग, टिंग. थांबेचना.

"पट्टा लावा ना," ड्रू म्हणाला.

"नाही."

"प्लीज. तो आवाज..."

"हा आवाज रेड गेटपर्यंत चालू होता, बाबा. त्याचे शेवटचे शब्द काय होते मला माहीत नाहीत. तो काहीतरी म्हणाला. पण हे वाजत होतं."

मी काच खाली केली. बाहेरची धूळ आत आली तरी चालेल असं वाटलं. रेडिओ बंद करायला हात गेला होता, केला नाही. लिंडसेच्या बाबतीत एवढं ऐकून घ्यायला कोणीतरी असायलाच हवं होतं.

बराच वेळ नुसतं टिंग टिंग चाललं. मग ड्रूचा आवाज आला, पण तो पबमधला आवाज नव्हता.

"मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"धुळीचं. कंपनीने आम्हाला आधीच सांगितलं होतं, मोकळ्या धुळीच्या वाटेवर असं होतं म्हणून. गिऱ्हाईकाला सांगा म्हणाले होते. मी नाही सांगितलं. सांगितलं असतं तर त्याने घेतली नसती."

"त्याने तुला विचारलं होतं."

"हो."

"आणि या नव्या गाडीत ते सुधारलंय का?"

टिंग, टिंग, टिंग.

"ड्रू, मी विचारतेय."

"थोडंफार. पूर्ण नाही."

"म्हणजे आजही तू मला तेच विकायला आला होतास."

"हो," तो म्हणाला, आणि रडायला लागला. कोरल त्याला गप्प हो म्हणाली नाही, पाणीही दिलं नाही. पट्टाही लावला नाही.

आमचे रेडिओ सपाट मैदानात बऱ्यापैकी लांब पोचतात. रेड गेट ओलांडलं की रेसकोर्सवरच्या गाड्यांत आवाज ऐकू येतो, आणि त्याने हे कबूल केलं तेव्हा आम्ही रेड गेट ओलांडलं होतं. मला तेव्हा ते सुचलंच नाही. कोरलला सुचलं होतं. ती सकाळपासून त्याचीच वाट बघत होती.

रेसकोर्सवर पोचलो तर शर्यत थांबलेली. घोडे सावलीत बांधलेले, शेगडीवर मटणाच्या चापा करपतायत आणि उलटायला कोणी नाही. माणसं, बायका वाटेच्या दोन्ही बाजूंना उभी होती. मी युट घेऊन पुढे गेले तेव्हा म्हाताऱ्या ऑब्री श्लिंकने डोक्यावरची हॅट काढली. मग त्याच्या शेजारच्याने. मग सगळ्यांनी. मागून ती पांढरी गाडी, आता धुळीने पिवळी झालेली, पावलापावलाने येत होती, आणि माणसं प्रेतयात्रा जाताना उभी राहतात तशी उभी होती.

ड्रूला आधी काही समजलं नाही. मग गाडी थांबली, कोरलने हॅट उचलून डोक्यावर घातली, आणि त्याला तिचा अंगठा दिसला. तिने तो बटणावरून काढला. अंगठा पांढराफटक पडला होता.

"सगळ्यांनी ऐकलं?" त्याने विचारलं.

"जेवढं ऐकायला हवं होतं तेवढं," ती म्हणाली आणि उतरली.

त्याला कोणी शिवी दिली नाही. हात तर लावलाच नाही. तो बिअरच्या तंबूपाशी आला. तिथे मी पोचले होते. धुळीने त्याचे ओठ फुटले होते, डोळे लाल झाले होते.

"बर्निस, काहीतरी प्यायला दे."

"बार बंद आहे," मी म्हटलं. माझ्यासमोर वीसेक माणसं भरलेले ग्लास घेऊन उभी होती. एकानेही ग्लास खाली ठेवला नाही. तो थोडा वेळ उभा राहिला आणि परत फिरला. पाणी मागितलं असतं तर दिलं असतं. त्याने मागितलं नाही.

शेवटी ऑब्रीने घोड्यांची बादली आणली आणि त्या गाडीचं नाक धुऊन दिलं. सावकाश, स्वच्छ धुतलं. मग ड्रूला म्हणाला, "इथून पुढे डांबरी आहे. जा."

कोरलने माझ्याकडून दोन चापा घेतल्या, भोपळ्याचं सूप घेतलं, आणि बाकावर बसून सगळं खाल्लं. मी तिच्याशेजारी बसले.

"बरं वाटतंय?" मी विचारलं.

"भूक लागली होती," ती म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, "हो, बरं वाटतंय. मला वाटलं होतं वाटणार नाही. लोक म्हणतात ना, सूड घेऊन काही मिळत नाही म्हणून. मला मिळालं."

पुढच्याच आठवड्यात तो बोर्ड उतरला. कंपनीचे दोन वकील आले, कोरलच्या अंगणात बसून चहा पिऊन गेले, पण रेडिओवर अख्ख्या मुलखाने जे ऐकलं ते नाही म्हणायची त्यांची छाती झाली नाही. त्यांनी सगळं ड्रूवर ढकललं आणि त्याला काढून टाकलं. तशा गाड्या आमच्या भागात आधीच ज्यांनी घेतल्या होत्या, त्या कंपनीला परत घ्याव्या लागल्या. ऑब्रीच्या सुनेकडेही एक होती. तिला तेव्हा सातवा महिना होता.

हिवाळा सरता सरता माझ्या पबमध्ये एका बाईचा फोन आला. मी ड्रूची बायको, म्हणाली, माझं नाव इमोजेन. नवरा रात्रीचा झोपत नाही, गाडीत बसला की त्याचे हात थरथरतात. मिसेस नोस्केंनी एकदा त्याला सांगावं की आता पुरे झालं. दुसऱ्या दिवशी कोरल आल्यावर मी तिला निरोप दिला.

"तिला सांग, मीपण झोपत नाही," कोरल म्हणाली आणि बटाटे सोलत बसली. अर्धी टोपली झाल्यावर तिने हात पुसले. "नंबर दे."

फोन तिनेच लावला. मी मुद्दाम तिथेच घुटमळले. इमोजेनशी ती चांगलं अर्धा तास बोलली. मुलं किती, कुठल्या शाळेत, घराचं भाडं कसं भागवता, हात थरथरणाऱ्या माणसाला कुठला डॉक्टर बरा, सगळं विचारलं. तोडून बोलली नाही. आवाज मऊ होता. मला वाटलं, संपलं एकदाचं.

मग पलीकडून इमोजेन म्हणाली असावी, ड्रूला देते हं फोन. कोरलने काही न बोलता फोन ठेवून दिला आणि उरलेले बटाटे पुढे ओढले.